फुटक्या घंटेचा शेवट

वटार,
रविवार, ८ सप्टेंबर २०२४

जॅक्सन,

तुझ्या थेरेसा आत्याच्या मोबाईलवर तू पाठवलेलं गाणं ऐकलं. ऐकलं म्हणजे आधी वाटलं मोबाईल बिघडला. थेरेसाने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, मिक्सर कोणी चालू ठेवला म्हणून. मग तिनेच येऊन स्क्रीनवर तुझं नाव दाखवलं आणि मी खाली बसलो.

सहा वर्षांनी तुझ्याकडून काही आलं आणि मी पहिल्याच ओळीत चेष्टा करतोय, हे मला कळतं. पण मला दुसरं काही येत नाही, हे तुलाही माहीत आहे. थेरेसा म्हणते फोन कर. फोनवर माझा आवाज चढतो, तुझा बंद होतो आणि मग दोघांपैकी एक जण फोन ठेवतो. म्हणून लिहितो आहे. आयुष्यभर बँडच्या पोरांसाठी नोटेशन लिहून माझं अक्षर पार बिघडलंय, सांभाळून घे.

गाणं आजपर्यंत नऊ वेळा ऐकलं. तिसऱ्या वेळेपासून डोक्यात शिरायला लागलं. तू दोन्ही पायांनी जो ढोल बडवतोस, तो ठेका मी ओळखला. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी आणायला आपला बँड बायकांच्या पुढे वाजवत जातो ना, तोच आहे, फक्त दुप्पट वेगाने. त्या वेगाने चाललं तर एकीच्याही डोक्यावर कळशी टिकायची नाही. पण गोष्टीतलं खेचर धावतंय हे मात्र लख्ख कळतं. गिटार चढत जाते तिथे डोंगर चढतोय हेही कळतं. मध्येच थेरेसाने गायलेलं लग्नाचं गाणं घातलंस, कुठल्या जुन्या व्हिडिओतून काढलंस कोण जाणे. ती डोळे पुसत म्हणाली, मला न विचारता घेतलं मेल्याने. मग शेजारी जाऊन तिघींना ऐकवून आली. तुमच्या बँडमध्ये घशातून ओरडणारी ती मुलगी आहे, आर्या, तिला म्हणावं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत जा.

आणि गोष्ट ओळखायला तर मला पहिलं कडवंही पुरं लागलं नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या स्पॅनिश पुस्तकातली घंटेची गोष्ट. आम्ही लहान असताना आपल्या चर्चमध्ये स्पेनचे एक म्हातारे फादर राहायचे, ते आम्हा पोरांना ओट्यावर बसवून सांगायचे. मी ती तुला सांगितली. खेचरवाल्याच्या गावची घंटा सैनिक उचलून नेतात. तो ती परत आणायला निघतो. अकरा वर्षं परमुलखात राबून ती मिळवतो. परतताना खेचराचा पाय घसरतो, घंटा दरीत पडते, तिला तडा जातो. तरी तो ती वर ओढून काढतो, गावात आणून टांगतो आणि दोरी ओढतो. मग सगळा गाव बाहेर धावत येतो. तू सगळं बरोबर घेतलंस, एकही गोष्ट विसरला नाहीस. मला फार बरं वाटलं.

गाण्याबरोबर तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, शेवटी घंटा वाजते तिथे माझं ट्रंपेट हवंय, डिसेंबरात बंगळुरूला रेकॉर्डिंग आहे. दुसरी, आपल्या बँडच्या फेबियन काकांच्या मयताच्या दिवशी मी तुझ्याबद्दल जे सांगितलं ते खोटं होतं, हे मी गावाला कधी सांगणार. ते सांगेपर्यंत तू वटारला पाऊल ठेवणार नाहीस, असंही लिहिलंस.

ट्रंपेटचं म्हणशील तर लग्नांचा सिझन तोंडावर आलाय, मला वेळ नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल आज लिहीत नाही. आज मरियामातेचा जन्मदिवस आहे, थेरेसाने मैद्याचे गोड फुगे तळलेत, सणाच्या दिवशी कशाला.

जेवतोस ना वेळेवर?

पप्पा


वटार,
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

जॅक्सन,

तुझा मेसेज थेरेसाने वाचून दाखवला. 'सिझन दरवर्षी असतो.' तीन शब्द. माझ्या दोन पानांना तीन शब्द. बरं, तीन तर तीन.

मग त्या दिवसाचं लिहितोच. फेबियन काका गेले तो शनिवार होता, १७ नोव्हेंबर २०१८. पहाटे गेले, मयत चार वाजता ठरली. आपल्या बँडची रीत तुला मी सांगायला नको, पण माझं मलाच सगळं पहिल्यापासून लिहायचंय म्हणून लिहितो. बँडवाल्याच्या मयताला बँड पुरा हवा. चर्चच्या फाटकात मास्तर हजेरी घेतो आणि जो नसेल त्याचं कारण मोठ्याने सांगतो, म्हणजे पेटीतल्या माणसाला कळावं की आपल्याला पोचवायला कोण आला नाही आणि का. माझ्या वडिलांच्या वेळेपासून हे असंच आहे. आणि काकांनी मला क्लॅरिनेटचे सूर शिकवले, तुला मांडीवर बसवून ड्रमच्या काड्या धरायला शिकवलं. त्यांच्या मयताला मोठा ड्रम नव्हता, कारण मोठा ड्रम तू वाजवायचास आणि तू पुण्याला तुमच्या त्या गोंगाटाच्या कार्यक्रमाला गेला होतास.

मोठ्या ड्रमाशिवाय मयताची पावलं जुळत नाहीत. त्या दिवशी पेटी उचलणारे चौघे चार ठेक्यांवर चालत होते. पेटी अशी हलत होती की काकी मध्येच म्हणाल्या, सावकाश रे, त्यांना चक्कर येते. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

तू म्हणतोस मी फोन केलाच नाही. तुझा फोन बंद असेल. स्टेजवर असशील, तिथे आवाजात काय ऐकू येणार. मी मास्तर म्हणून फाटकात सांगितलं की जॅक्सनला फोन केला, तो नाही म्हणाला. त्यात थोडं इकडचं तिकडे झालं असेल. माणूस दुःखात असतो.

नंतर मी ड्रमचा पट्टा काढून सगळ्यांसमोर म्हटलं की या ड्रमला आजपासून मालक नाही, ते जरा जास्त झालं. ते मी कबूल करतो. ड्रम तेव्हापासून माळ्यावर आहे, पोत्यात गुंडाळून. लग्नाकार्याला आम्ही दुसऱ्या गावच्या बँडचा मागून आणतो. त्याचा आवाज पत्र्यासारखा आहे, पण चालतंय.

केळीचे दोन घड उतरवले. थेरेसाचा गुडघा दुखतो, पण चालताना दुखतो, भांडताना नाही. तुझी ती आर्या विरारहून पुढच्या महिन्यात येणार आहे म्हणे, थेरेसाचं गाणं नीट रेकॉर्ड करायला. थेरेसाने आतापासून घसा जपायला घेतलाय. आर्याला मी तुझ्याबद्दल काही विचारणार नाही. तिने आपणहून सांगितलं तर ऐकेन.

पप्पा


वटार,
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

जॅक्सन,

आर्या येऊन गेली. गुणी पोरगी आहे. एवढीशी, आणि बोलताना आवाज इतका हळू की मला दोनदा विचारावं लागलं, गाण्यात ओरडते ती तूच का. तिच्या माणसांचं मूळ गाव वाईकडचं. म्हणाली, काका, आमच्या देवळात वसईची घंटा आहे, पेशव्यांची फौज घेऊन गेली होती ती. म्हणूनच जॅक्सनने तुमची गोष्ट सांगितली तेव्हा मी हटून बसले की गाणं करायचं तर ह्याच गोष्टीचं. मी म्हटलं, मग आमच्या वसईची घंटा परत आणा, खेचराची सोय मी करतो. तर म्हणते, नको काका, ती आमच्याकडे छान वाजते. मला आवडलं तिचं उत्तर.

थेरेसाने पाच गाणी दिली, मागितलं होतं एक. मग चहा झाला आणि आर्याने पिशवीतून ते पुस्तक काढलं. ऑफिसच्या कामासाठी ती स्पॅनिश शिकली आहे, मूळ पुस्तकच मागवलं तिने. फार सभ्यपणे तिने विचारलं, काका, त्या काळी स्पेनच्या डोंगरातल्या खेड्यात बँड कुठून आला?

मी चहात बघत बसलो. कारण माझ्या गोष्टीत शेवटी घंटा वाजते, सगळा गाव धावत येतो, खेचरवाल्याची आई हाताला पीठ लागलेलं तशीच येते आणि बँड वाजतो. पुस्तकात ह्यातलं काहीच नाही. पुस्तकात तो दोरी ओढतो आणि तडा गेलेली घंटा थप्प असा आवाज करते. ती घंटा आहे हे कोणाला कळतच नाही. कोणी बाहेर येत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दोरी ओढतो. तिथे गोष्ट संपते.

मला हे माहीत होतं, जॅक्सन. फादरांनी आम्हाला खरा शेवटच सांगितला होता. तुला सांगताना मी तो बदलला. तू सात वर्षांचा होतास, तुझी मम्मी तेव्हा हॉस्पिटलात होती आणि आपण दोघं विहिरीच्या कठड्यावर बसून तिची वाट बघत होतो. तू मला विचारलंस, मग कोण कोण आलं? मला कोणी आलं नाही असं म्हणता येईना. मी म्हटलं, सगळे आले, आईसुद्धा आली. पुढे मम्मी आली नाही. पण तू त्या गोष्टीबद्दल मला कधी बोल लावला नाहीस आणि मी शेवट कधी दुरुस्त केला नाही.

आर्या गेल्यावर थेरेसा भांडी घासत होती. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तुला शेवट बदलायची खोडच हाय, आग्नेल. गोष्टीचा बदललास ते जाऊ दे, पोर लहान होता. पन त्या शनवारचा बी बदललास. मी तवा घरात होते. फोन हातात होता तुझ्या, कानाला नाय लावलास."

सहा वर्षं ती हे जाणून होती आणि माझ्या ताटात वाढत होती. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

तर आता नीट लिहितो. मी तुला फोन केला नाही. बंद लागला नाही, आवाजात ऐकू आलं नाही असंही नाही, मी केलाच नाही. आदल्या संध्याकाळी तूच केला होतास. तू म्हणालास, "पप्पा, उद्या सगळ्यात शेवटी आम्हाला वाजवायचंय, आमचंच नाव मोठं लिहिलंय." तुला इतकं खूश मी ड्रम पहिल्यांदा उचलता आला तेव्हाच पाहिलं होतं. पहाटे काका गेले. मी फोन हातात घेतला आणि विचार केला, ह्याला सांगितलं तर हा पहिल्या गाडीने येईल. येणार नाहीस अशी भीती मला नव्हती. तू आला असतास हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच फोन खाली ठेवला. काकांनीसुद्धा हेच केलं असतं, असं मनाला सांगितलं.

इथवर मी चांगला बाप होतो. मग चार वाजले. फाटकात हजेरी घेताना मी सवयीने तुझं नाव वाचलं आणि सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. कारण सांगायचं होतं. 'मी कळवलं नाही' असं मास्तरने काकांच्या पेटीसमोर कसं म्हणायचं? तोंडातून निघालं, फोन केला, नाही म्हणाला. एकदा निघालं ते निघालं. मग ते खरं वाटावं म्हणून मला तुझ्यावर रागवावं लागलं. राग इतका चांगला वठला की संध्याकाळपर्यंत मलाच खरा वाटायला लागला. पट्टा काढला तो त्या रागात. तू घरी आलास, विचारलंस, मी तुझ्यावरच ओरडलो. तू गेलास. मी जाऊ दिलं. माझं चुकलं, बाळा. हे लिहायला मला सहा वर्षं लागली.

आणखी एक आहे, तेही आजच सांगून टाकतो. सिझनचं कारण खोटं होतं. माझे पुढचे चार दात गेल्या वर्षी काढले. दात गेले की ट्रंपेट गेलं. ओठाला आधारच राहत नाही, सूर फाटतो. बँड आता स्टीवन चालवतो. मी मिरवणुकीत ट्रंपेट काखेत धरून पुढे चालतो, मास्तर म्हणून. लोकांना वाटतं मानाने चालतोय. तुला हवा तो सूर आता माझ्याकडे नाही.

पप्पा


वटार,
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

जॅक्सन,

बारा दिवस तुझं काही नाही. थेरेसाचा मोबाईल मी इतक्या वेळा उघडून बघितला की ती म्हणाली, अंड्यावर बसलायस का. मग शुक्रवारी आलं. 'फोन आला नव्हता हे मला माहीत होतं. का नाही केला ते माहीत नव्हतं.' त्याखाली दुसरा मेसेज, 'गाण्याचा शेवट बदलतोय, पुस्तकातला ठेवतोय.' दोन्ही थेरेसाने वाचले आणि मोबाईल मला देऊन बाहेर कपडे वाळत घालायला गेली. कपडे सकाळीच वाळत घातले होते.

काल मृतांचा दिवस. दफनभूमीत नेहमीसारखीच गर्दी, मेणबत्त्या, शेवंती, थडग्यांवर पाणी मारणारी पोरं. आपला बँड गेटाशी उभा. दर वर्षी मी वहीतून बँडच्या गेलेल्या माणसांची नावं वाचतो आणि प्रत्येकाच्या नावाला एक ट्यून होते. फेबियन काकांचं नाव आलं तेव्हा मी वही मिटली आणि त्यांच्या थडग्यापाशी जाऊन उभा राहिलो. रात्रभर वाक्य जुळवलं होतं, मोठं होतं. ऐन वेळी एवढंच आलं: "हजेरीत चूक झाली होती, काका. जॅक्सन गैरहजर. कारण, मास्तरने कळवलं नाही."

तुला वाटेल आता सगळे थांबले असतील, बायका रडल्या असतील. मलाही तसंच वाटलं होतं. तसं काही झालं नाही. माझी कवळी सैल आहे, शब्द शिटीसारखे निघतात. त्यात नेमका त्याच वेळी लाऊडस्पीकरवर रोझरीची प्रार्थना सुरू झाली. स्टीवन कानाशी हात नेऊन म्हणाला, "मास्तर, कुठली ट्यून बोललात?" काकी दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, त्या मेणबत्ती वाऱ्यापासून धरत होत्या. कोणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी तिथे उभा राहिलो आणि मला हसू आलं. खरंच आलं. घंटा वाजवली आणि थप्प झालं.

मग मी स्टीवनला बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं, मोठ्याने. साइड ड्रमवाल्याला सांगितलं. आज चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर फाटकात उभा राहिलो, जिथे खोटं बोललो होतो तिथेच, आणि येईल त्याला सांगत गेलो. काही थांबले, काहींना घाई होती. एक जण म्हणाला, कोण जॅक्सन? नवीन राहायला आलाय तो, इमारतीत. त्यालाही पुरं सांगितलं. येताना पाव घ्यायला थांबलो तर बेकरीवाल्याला सांगितलं. तो बिचारा उत्तरेकडचा, त्याने मला सहाच्या जागी सात पाव दिले आणि म्हणाला, चाचा, घर जाके आराम करो.

पुस्तकातल्या त्या खेचरवाल्याचं आता मला कळतं. लहानपणी वाटायचं, कोणी येत नाही तर हा उद्या परत का वाजवतो, वेडा आहे का. पण दोरी हातात असली तर ओढावीच लागते. उद्या भाजीच्या टेम्पोवाल्यांना सांगणार आहे, ते पाच गावं फिरतात.

पप्पा


वटार,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

जॅक्सन,

'पप्पा, बेकरीवाल्याला कशाला?' हा तुझा मेसेज मी थेरेसाकडून चार वेळा वाचून घेतला. त्याच्या शेवटी तू हसणारं तोंड टाकलं आहेस, ते चुकून पडलं नसेल असं धरून चालतो.

गावात आता माझी थट्टा सुरू झाली आहे. मी येताना दिसलो की पोरं म्हणतात, मास्तर आले, आता फोनचं सांगतील. सांगतोच. ज्याने ऐकलंय त्यालाही सांगतो. लोकांना बरोबर पाठ झालंय आता. परवा मी 'कारण' म्हणून थांबलो तर साइड ड्रमवाल्यानेच पुढचं म्हटलं.

मंगळवारी काकी आल्या. काठी टेकत, एकट्या, आपल्या ओट्यावर. मी उठलो तर बस म्हणाल्या. थेरेसाने पाणी दिलं ते प्यायल्या. मग म्हणाल्या, "सहा वर्सं मी त्या पोराला मनात शिव्या दिल्या. माझ्या मानसाला पोचवायला आला नाय म्हनून. आन् शिव्या खायचा होतास तू." मी मान खाली घालून होय म्हटलं. "तो येईल तवा पयलं जेवन माझ्याकडे. त्याला सांग. तुला नाय बोलवत." एवढं बोलून निघून गेल्या. जॅक्सन, मला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. थेरेसा म्हणाली, घंटा वाजली रे तुझी. मी म्हटलं, एकच घर बाहेर आलं. ती म्हणाली, तेच आलं पाहिजे होतं.

आता ट्रंपेटचं. पुस्तकातला शेवट ठेवतोय असं तू लिहिलंस, त्यावर मी पुष्कळ विचार केला. तुमच्या गाण्यात आधी शेवटी घंटा खणखणीत वाजायची, तिथे माझा फाटका सूर चालला नसता. पण आता तर घंटा फुटकीच हवी. मग मी ट्रंपेट पिशवीत घातलं आणि रोज सकाळी कळंबला जायला लागलो, समुद्रावर, सुरूच्या झाडांत. घरी वाजवलं असतं तर गाव जमला असता. कवळी खिशात ठेवली, ओठ आवळले आणि फुंकलं. पहिले तीन दिवस नुसती हवा. चौथ्या दिवशी एक सूर आला. मासळी वाळत घालणारी एक म्हातारी लांबून ओरडली, "कोन गेला वो, मास्तर?" मी तिलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, पोराला बोलाव नि वाजवायचं बंद कर.

पाचव्या दिवशी स्टीवनला सोबत नेलं, त्याच्या मोबाईलवर रेकॉर्ड केलं. एकच सूर आहे. लांब धरलाय, मध्ये फाटतो, परत जुळतो, शेवटी नुसता श्वास राहतो. मागे समुद्र आहे. स्टीवनने ऐकून तोंड वाकडं केलं आणि विचारलं, डिलीट करू का मास्तर. मी हात धरला त्याचा. चाळीस वर्षं मी चांगले सूर वाजवले आणि कोणाच्या लग्नात कुठला वाजवला ते आज आठवत नाही. हा आठवेल. तुला सूर हवा होता, तो थेरेसाच्या मोबाईलवरून आज पाठवतोय. चालला तर घे, नाही चालला तर बापाचा म्हणून ठेव.

मोठा ड्रम माळ्यावरून उतरवलाय. पोतं काढलं तर एका बाजूची रिंग गंजलेली, बाकी धड आहे. पुसून, ऊन देऊन, कातडं ताणून ओट्यावर ठेवलाय. येणारी जाणारी मुलं थाप मारून जातात, मी ओरडत नाही. पट्टाही शोधला. काकांच्या थडग्यापाशी जाऊन ते मालक नसल्याचं वाक्यही परत घेतलं. त्या वेळी तिथे कोणीच नव्हतं, तरी मोठ्याने म्हटलं.

स्टीवनच्या मुलीचं लग्न २९ डिसेंबरला आहे. शनिवारी २८ला चार वाजता विहिरीचं पाणी. मिरवणुकीला मोठा ड्रम लागेल. तुझं रेकॉर्डिंग तोवर उरकलेलं असेल. हवं तर तुमच्या त्या दुप्पट वेगाने वाजव, कळशीचं बायका बघून घेतील.

पण त्या आधी माझं एक काम राहिलंय. सगळ्या गावाला सांगून झालं, कळंबच्या म्हातारीला झालं, आणि तुला मी फक्त लिहिलंय. हे पत्र उद्या स्पीड पोस्टने टाकतो, बुधवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी तुला फोन करणार आहे. थेरेसाच्या मोबाईलवरून नाही, माझ्या. आवाज चढणार नाही याची काळजी घेईन. कवळी घालून बसेन. लग्नाचं, ड्रमचं, काकींच्या जेवणाचं सगळं नंतर बोलू. आधी मला ते वाक्य बोलायचं आहे जे त्या शनिवारी पहाटे बोलायचं होतं, आणि ते ऐकून तुला रडायचं असेल तर रड, मी फोन ठेवणार नाही.

जॅक्सन, फेबियन काका गेले. मयत चार वाजता आहे. तू ये.

तेवढा फोन उचल.

पप्पा